खेड्यात नवीन संसार मांडताय? डाळ-तिखट-लोणचं पावसाळ्यात कसं टिकवायचं, अन् रोजच्या वरण-भाकरीला, चहाला चव कशी आणायची

लग्न होऊन इकडे विदर्भात आलेल्या मुली, बदलीवर आलेले सर, नर्सताई, बँकेतली पोरं, सगळ्यांचं पहिल्या पावसाळ्यात एकच असतं. डाळीत सोंडे झाले, तिखटाला बुरशी आली, मिठाचं पाणी झालं, आता काय करू? अन् तेव्हा सांगून काही उपयोग नसतो, कारण जी कामं मे महिन्यात करायची असतात ती जुलैत करताच येत नाहीत. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं अन् सासर दर्यापूरकडचं, म्हणजे गोड्या पाण्यातून थेट खाऱ्या पाण्यात आले, त्यामुळे दोन्हीकडचे त्रास माहीत आहेत.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. विदर्भात सामान खराब होतं ते बहुतेक वेळा ओलीनं. कीड, बुरशी, कुबट वास, सगळं ओलीच्या मागून येतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, हवा खडखडीत कोरडी असते, हे ऊन म्हणजे आपल्याला फुकटात मिळालेलं वाळवण्याचं मशीनच आहे. मृग लागला की ते बंद. मग पोळ्यापर्यंत तुम्ही फक्त सांभाळू शकता, वाळवू शकत नाही.

आधी हे सामान जमवा

- झाकण घट्ट बसणारी पत्र्याची कोठी (गहू-ज्वारीसाठी) अन् स्टीलचे डबे (डाळी, पिठं)
- चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरण्या, लोणचं-चिंच-मिठासाठी
- जुनी सुती धोतरं किंवा लुगडी, स्वच्छ धुतलेली, निदान तीन-चार
- सूप, चाळणी, लाकडी पाट नाहीतर विटा (कोठीखाली ठेवायला)
- कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, एरंडेल, खडा हिंग
- डब्यांवर महिना लिहायला मार्कर. हे हसण्यावारी नेऊ नका, पुढे सांगते काहून ते

१. रोहिणी निघायच्या आत धान्य-डाळ भरून टाका

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या आसपास लागतं, अन् ७-८ जूनला मृग. त्याच्या आत कोठी भरून बंद झाली पाहिजे. नवीन तुरीची डाळ फेब्रुवारी-मार्चपासून मिळते, गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो, त्यामुळे वेळ भरपूर असतो पण लोक उद्या-परवा करत बसतात अन् मग वळवाचा पाऊस येऊन धडकतो.

धान्य वाळलं की नाही ते दातानं पाहायचं. दाणा दाताखाली धरला अन् कट्ट असा आवाज होऊन तुटला तर झालं, चपटा झाला किंवा दाताला चिकटला तर अजून दोन उन्हं द्या. उन्हातून काढलेलं गरम धान्य लगेच कोठीत ओतू नका, ही चूक नवीन माणूस हमखास करतो. गरम धान्य बंद केलं की आत घाम सुटतो, ती वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमते अन् वरचा थर कुबट होतो. संध्याकाळी गोळा करा, रात्रभर घरात धोतरावर पसरून थंड होऊ द्या अन् सकाळी भरा.

कोठी काठोकाठ भरायची. अर्धी रिकामी कोठी म्हणजे आत हवा जास्त अन् किड्याला जागा जास्त, त्यापेक्षा दोन लहान कोठ्या बऱ्या. खाली पाट किंवा विटा द्या अन् भिंतीपासून हातभर दूर ठेवा, मातीची भिंत असली तर नक्कीच, ती पावसाळ्यात ओल ओढते. कडुनिंबाचा पाला थराथरात टाकायचा पण तो पूर्ण वाळलेला पाहिजे, हिरवा टाकला तर तुम्हीच ओल आत नेली. अन् पाल्याच्या भरवशावर ओलसर गहू भरू नका, पाला मदत करतो, चमत्कार नाही करत.

तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं. १० किलोला साधारण ५० मिली पुरतं, हाताला तेल घेऊन डाळ परातीत मोकळ्या हातानं चोळायची, प्रत्येक दाण्याला नुसती चकाकी यायला पाहिजे, तेल गळायला नको. शिजवायच्या वेळी कोमट पाण्यानं दोनदा धुवा, वास राहत नाही.

तांदूळ भंडारा-गोंदियाकडून आणत असाल तर नवा-जुना विचारून घ्या. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं अन् भात चिकट होतो, जुना मोकळा होतो. नवाच मिळाला तर पाणी कमी घाला अन् जमलं तर थोडा तांदूळ पुढच्या वर्षासाठी राखून ठेवा.

२. हे मात्र अजिबात करू नका

इथे मी जरा कडक बोलते कारण हा जिवाचा प्रश्न आहे.

धान्यात ठेवायच्या म्हणून ज्या विषारी गोळ्या मिळतात, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या घरात आणू नका. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन नावाचा गॅस निघतो. कोठी ज्या खोलीत आहे त्याच खोलीत माणसं झोपलेली असतात, खेड्यात घरं लहान, अन् त्या विषावर उतारा नाही. गोदामात जाणकार माणूस वापरतो ते वेगळं, घरात नाही म्हणजे नाही. पाऱ्याच्या गोळ्याही नको, पोरं खेळायला घेतात. तांदळाला बोरिक पावडर चोळायची पद्धत बऱ्याच घरी आहे, तीही सोडा, ते खायच्या वस्तूत घालायचं नसतं.

फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे-कॅन कितीही धुतले तरी त्यात तेल, पाणी, धान्य काही ठेवायचं नाही. खताची पोतीही धान्याला नको. कोणी फुकटात देत असलं तरी नको म्हणा.

बुरशी आलेले फल्लीदाणे (शेंगदाणे) वेचून-पाखडून वापरायचे नाहीत, भाजून पण नाही. बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही. फेका. मिरचीचं अन् मक्याचं पण तेच.

३. तिखट आणि हळद

मिरची फेब्रुवारी ते एप्रिल घ्या. भिवापूरची मिरची मिळाली तर उत्तम, नागपूर जिल्ह्यातली ही मिरची जीआय मानांकनवाली (म्हणजे त्या भागाचीच म्हणून सरकारी नोंद झालेली) आहे अन् तिखटपणाला तोड नाही. आमच्या घरी दोन भाग भिवापुरी अन् एक भाग रंगाची मिरची असं करतात, लाल रंग पण येतो अन् पोटाला झेपतं पण.

घेताना मूठभर मिरच्या कानाजवळ नेऊन हलवा, बिया खुळखुळ वाजल्या पाहिजेत. मग दोन-तीन मिरच्या मधून चिरून आत बघा. बाहेरून लालभडक असते अन् आत बियांभोवती राखाडी भुकटी किंवा काळपट जाळी दिसते, ती बुरशी. असं एका मिरचीत दिसलं तरी ते पोतं सोडून द्या, दुकानदार काहीही म्हणो. देठाजवळचा भाग मऊ लागला तर ती ओली आहे, वजन वाढवायला पाणी मारलेली असू शकते.

घरी आणली की दोन-तीन दिवस ऊन द्या, त्यापेक्षा जास्त नको, मिरची पांढरी पडते अन् रंग जातो. देठं खुडून, थंड करून, बरणीत दाबून भरा, मध्ये हिंगाचे खडे. सगळं तिखट एकदम कांडू नका. अख्खी मिरची वर्षभर टिकते, कांडलेलं तिखट तीन-चार महिन्यांत फिकं पडायला लागतं. एकदा मेमध्ये अन् एकदा दिवाळीच्या आधी कांडा.

हळद आमच्या माहेरकडची, वायगावची, समुद्रपूर तालुक्यातली. तिलाही जीआय आहे. अख्खी घेऊन दळून आणली तर बाजारच्या पुडीपेक्षा निम्मी टाकावी लागते. हळद उजेडात ठेवली की रंग उडतो, म्हणून काचेच्या बरणीत शोभेला ठेवू नका, स्टीलच्या डब्यात ठेवा.

अन् तिखट-हळदीच्या डब्यात ओला चमचा, किंवा उकळत्या भाजीच्या गंजावर (पातेल्यावर) डबा धरून तिखट टाकणं, हे बंद करा. वाफ डब्यात शिरते अन् पावसाळ्यात गाठी होतात. वाटीत काढून घ्या, मग टाका.

४. लोणचं अन् चिंच

कैरीची कोय टणक झाली की लोणच्याची वेळ झाली. कैऱ्या धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या झाल्यावरच फोडा. १ किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ अन् हळद लावून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी खाली पाणी सुटलेलं असतं, ते वेगळं काढा, फेकू नका, त्यात हिरव्या मिरच्या मुरवून आठवडाभर तोंडी लावता येतात. फोडी धोतरावर पसरून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. फोड बोटानं दाबली तर बोट ओलं व्हायला नको, एवढं झालं की मसाला. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट. तेल धूर निघेपर्यंत तापवून पूर्ण थंड करायचं, मग ओतायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडी तेल पितात अन् तेलाची पातळी खाली जाते. बहुतेकांचं लोणचं इथे बिघडतं, कारण बरणी फडकं बांधून फळीवर ठेवून दिलेली असते अन् कोणी बघतच नाही. बघा, अन् फोडींच्या वर बोटभर तेल राहील इतकं पुन्हा तापवून-थंड करून ओता. मीठ कमी करायचं असेल तर लोणचं कमी खा पण बरणीत मीठ कमी करू नका. अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात लोणचं, चिंच, ताक काही ठेवायचं नाही.

चिंच मार्च-एप्रिलमध्ये घ्या, चिंचोके काढा, मीठ लावून गोळे करा, दोन उन्हं द्या अन् बरणीत भरा. वर्षभर बघायला नको.

५. वाळवणं

पापड, कुरड्या, शेवया, सरगुंडे घरातल्या मोठ्या बायांकडून शिका, लिहून येत नाही ते. मी फक्त भाज्यांचं सांगते. हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून सावलीत वाळवून ठेवा, हातानं चुरली की चुरा झाला पाहिजे. मे महिन्यात बाजारात भाजी नसते किंवा महाग असते तेव्हा हीच भाजी तुरीच्या डाळीत नाहीतर ज्वारीच्या कण्यांत शिजवून लसणाची फोडणी द्या, घर भरून वास सुटतो. वांग्याच्या खुला (वाळवायच्या फोडी), गवार, कारली यांना मात्र कडक ऊन पाहिजे.

६. कांदे, लसूण, भाजी, दूध, अन् लाइन गेली तर

साठवायला उन्हाळी कांदाच घ्या. पावसाळी लाल कांदा महिन्याभरात कोंब काढतो. मान सुकलेली पाहिजे, खाली हवा पाहिजे, अन् आलूसोबत एका टोपल्यात ठेवायचे नाहीत. लसणाच्या जुड्या बांधून चुलीपासून जरा दूर टांगा.

उन्हाळ्यात लाइन चार-चार तास जाते, फ्रीजवर विसंबून चालत नाही. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात दुसरं लहान मडकं, वरून ओलं फडकं, अन् आत सांबार (म्हणजे कोथिंबीर), मिरच्या, भेदरं (टोमॅटो). कोरड्या हवेत पाणी उडतं अन् आत थंडावा राहतो, कूलरचंच काम. सांबार धुऊन ठेवू नका, मुळासकट कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. दुधाचा गंज पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं कापड, अन् सकाळ-संध्याकाळ उकळी. हे सगळं जूनपर्यंतच. पावसाळ्यात हवेतच ओल असते, मडक्यात थंडावा येत नाही, भाजी उलट सडते.

७. पाणी: डाळ शिजत नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या काठचा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगावकडे कुठेही हातपंप मारा, पाणी खारं. इथं नवीन आलेली सून तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या, आठ शिट्ट्या करून बसते अन् डाळ टणक ती टणकच, मग सगळे तिलाच बोलतात. तिचा काही दोष नसतो. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीचं साल अन् दाणा मऊ होऊ देत नाही.

काय करायचं ते सांगते. डाळ, चहा अन् भातासाठी फिल्टरचं (आरओचं) पाणी वेगळं ठेवा, कॅन मिळत असेल तर कॅन घ्या, भांडी-धुण्याला बोअरचं चालेल. डाळ त्याच चांगल्या पाण्यात तासभर भिजवा. कुकरमध्ये हळद अन् चमचाभर तेल टाका, पण चिंच, भेदरं, आमचूर काही म्हणजे काही टाकू नका, आंबट पडलं की डाळ शिजणं थांबतं. मीठ पण शिजल्यावर. सगळं करून नाहीच शिजली तर सोड्याची चिमूट, अगदी चिमूट. रोज सोडा घालायची सवय लावू नका, वरणाला साबणासारखी चव येते अन् जीवनसत्त्वं जातात.

आता तो मार्कर. जुनी डाळ कोणत्याही पाण्यात लवकर शिजत नाही. दोन वर्षांच्या डाळी मिसळल्या गेल्या की अर्धी डाळ गाळ होते अन् अर्धी दाताखाली येते. म्हणून डब्यावर महिना लिहा अन् जुनी आधी संपवा.

माठाचं पण पाण्याशीच आहे. खाऱ्या पाण्यानं माठावर पांढरा थर येतो, छिद्रं बुजतात अन् पाणी थंड होत नाही. काथ्यानं बाहेरून घासा, साबण लावू नका, माती साबण पिऊन घेते. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन पाणी झाडांना टाका.

८. रोजच्या जेवणात चव

भाकर चिरत असेल तर आधी पिठाचं वय बघा. ज्वारीचं दळण आठ दिवसांपुरतंच आणा, जुन्या पिठाला चिकटपणा राहत नाही. जुनंच संपवायचं असलं तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. चक्कीवरून आलेलं पीठ गरम असतं, झाकण उघडं ठेवून थंड करा मगच बंद करा. अन् तुमच्या आधी कोणाचं तिखट कांडलं नाही ना, ते चक्कीवाल्या भाऊंना विचारून घ्या.

रश्श्याला तर्री येत नाही ही तक्रार तर प्रत्येकाची. मसाला मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, घाई करू नका, अन् पाणी उकळतं घाला. थंड पाणी ओतलं की तेल आत जिरतं अन् रस्सा पांढुरका दिसतो. दाटपणाला येसर (भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ) असेल तर चमचाभर पाण्यात कालवून टाका, नसेल तर भाजलेल्या फल्लीदाण्याचं कूट. पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा असेल तर पाटोड्या वाढायच्या वेळी सोडायच्या, आधी सोडल्या की सगळा रस्सा पिऊन फुगतात.

वरणाला फोडणीत जिरं, लसूण ठेचून, हिंग, अन् सुकी मिरची तोडून. लसूण तांबूस झाला पाहिजे, काळा नाही. एवढ्यानंच वरण बदलतं, दुसरा मसाला नको.

जवसाची चटणी करून महिनाभर ठेवू नका. जवस भाजल्यावर लवकर खवट होतं, वाटीभरच भाजा, आठ-दहा दिवसांत संपवा, बाकी कच्चं जवस डब्यात राहू द्या. जवसाचं तेलही घाणीवरून लहान बाटलीतच आणा.

भरताचं वांगं गॅसवर भाजण्यापेक्षा तुराट्यांच्या (तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर भाजा, हिवाळ्यात शेतात मिळतातच. पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या काड्यांवर) मी थेट भाजत नाही, कपाशीवर फवारण्या फार झालेल्या असतात. सालं काढताना वांगं पाण्याखाली धरू नका, धुराची चव तिथेच वाहून जाते. हातानं चुरा, हिरवा कांदा कच्चाच कापून टाका, वरून फल्लीतेलाची कडकडीत फोडणी, भरपूर सांबार.

९. चहा, मठ्ठा, पन्हं, अंबाडी

खाऱ्या पाण्याचा चहा कसाही करा, फिका लागतो अन् वर साय-साय तरंगते. फिल्टरचं पाणी घ्या. अद्रक पाण्यात आधी चांगलं उकळू द्या, दूध नंतर, नाहीतर दूध फाटतं. गुळाचा चहा असेल तर गूळ दुधासोबत उकळायचा नाही, गॅस बंद करून टाका अन् ढवळून गाळा.

मे महिन्यात दही चार-पाच तासांत लागतं, रात्री विरजलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. पहाटे विरजा, दुपारच्या मठ्ठ्याला बरोबर येतं. मठ्ठ्यात भाजलेलं जिरं, काळं मीठ, सांबार. जास्त आंबट झालं तर कढी-गोळे करा.

पन्ह्यासाठी कैरी चुलीच्या निखाऱ्यात भाजली तर उकडलेल्या कैरीपेक्षा कितीतरी चांगली लागते. गर अन् गूळ एकत्र शिजवून घट्ट करून फ्रीजमध्ये ठेवला की उन्हातून आलेल्या माणसाला दोन मिनिटांत पन्हं देता येतं. मीठ विसरू नका, घाम गेलेल्या शरीराला तेच पाहिजे असतं.

अंबाडीची लाल फुलं हिवाळ्यात मिळतात तेव्हा पाहुणे हसले तरी टोपलंभर घ्या. मधलं बोंड काढून टाकायचं, लाल पाकळ्या सावलीत कडक वाळवायच्या अन् काचेच्या बरणीत भरायच्या. उन्हाळ्यात मूठभर पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा, थंड झालं की गाळा. पाणी लालबुंद अन् छान आंबट होतं, माठातलं पाणी घालून पातळ करा. साखर किंवा गूळ प्यायच्या वेळीच घाला, आधी घालून ठेवलं तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत फसफसायला लागतं.